वर्गात समजते, दुसऱ्या दिवशी जाते कुठे?

प्रश्न

एका माध्यमिक शाळेत बरीच वर्षे गणित शिकवणाऱ्या शिक्षिकेचे पत्र आले आहे. पत्र दीर्घ आहे, त्याचा आशय असा : त्या प्रत्येक घटक तयारीनिशी, पायरीपायरीने समजावून देतात. त्या वेळी मुले माना डोलावतात, विचारले तर "कळले" म्हणतात आणि फळ्यावरचे उदाहरण त्यांच्याबरोबर सोडवतातही. दुसऱ्या दिवशी तशाच धाटणीचे उदाहरण स्वतंत्रपणे सोडवायला दिले की निम्म्याहून अधिक वर्ग पहिल्याच पायरीवर अडतो. त्यांनी तोच भाग पुन्हा, अधिक सावकाश सांगून पाहिला, रंगीत स्लाइड तयार केल्या, चित्रफिती दाखवल्या. फारसा फरक पडला नाही. एका सहकाऱ्याच्या मते या मुलांची कुवतच बेताची आहे, तेव्हा अवघड भाग वगळावा. दुसऱ्या सहकाऱ्याचे म्हणणे असे की शिक्षकाने सांगणे थांबवावे आणि मुलांना रीत स्वतः शोधू द्यावी. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या खेळांचा एखादा कार्यक्रम सुरू करावा का, असाही विचार त्यांच्या मनात आहे. "दोष मुलांच्या डोक्यात आहे की माझ्या शिकवण्यात, एवढे एकदा कळले तर बरे होईल," असे त्यांनी शेवटी लिहिले आहे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करू या. दोष कुणाचा हे विचारताना तुम्ही दोनच जागा धरल्या आहेत : मुलांची कुवत किंवा तुमचे कौशल्य. आणखी एक जागा आहे आणि ती तुमच्यात, मुलांत, तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांत थोड्याफार फरकाने सारखीच आहे. माणसाच्या मनाला एका वेळी फार थोड्या नव्या गोष्टी धरून ठेवता येतात, आणि त्याही काही क्षणच. ही मर्यादा जमेस न धरता आखलेला पाठ कितीही स्पष्ट असला तरी ऐकणाऱ्याच्या हातून निसटतो. मग शिकवणाऱ्याला मुले मंद वाटतात आणि मुलांना आपण मंद आहोत असे वाटते.

एक छोटा प्रयोग करून पाहा. ४७ गुणिले ३८ हा गुणाकार कागदाशिवाय करा. गुणाकाराची रीत तुम्हांला पूर्णपणे अवगत आहे. तुम्ही आधी ४७ ला ८ ने गुणून ३७६ काढाल, ती संख्या मनात बाजूला ठेवाल, मग ४७ ला ३० ने गुणून १४१० मिळवाल, आणि बेरीज करू लागाल तेव्हा ती आधीची संख्या ३७६ होती की ३६७, अशी शंका येण्याचा चांगलाच संभव आहे. कागद हाताशी असता तर १७८६ हे उत्तर विनासायास आले असते. कागद तुम्हांला गणित शिकवत नाही, तो फक्त मधली संख्या सांभाळण्याचे काम स्वतःकडे घेतो. तुमचा वर्ग रोज अशाच ठिकाणी अडतो, शिवाय त्यांच्यासाठी रीतही नवीच असते.

या मर्यादेचा अभ्यास बराच जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली एका लेखात मांडले की तात्कालिक स्मृतीत साधारण सात, त्यात दोन कमी किंवा दोन जास्त, इतके घटक मावतात. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी दाखवले की मनातल्या मनात उजळणी करण्याची किंवा गट बांधण्याची संधी मिळाली नाही तर हा आकडा चारच्या आसपास येतो. घटक किती मावतात याइतकेच ते किती वेळ टिकतात हेही महत्त्वाचे आहे. लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी १९५९ साली लोकांना तीन व्यंजनांचा अर्थहीन गट दिला आणि लगेच एका संख्येतून तीन-तीन वजा करत उलटे मोजायला लावले. अठरा सेकंदांनंतर तो गट अचूक सांगता येण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली गेले होते. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये या तात्पुरत्या साठवणीचे आणि त्याच वेळी चालणाऱ्या मानसिक कामाचे एकत्रित प्रारूप मांडले. तिलाच आज कार्यकारी स्मृती किंवा वर्किंग मेमरी म्हटले जाते.

यावरून काही प्रशिक्षणांत "एका स्लाइडवर सातच मुद्दे ठेवा" असा नियम सांगितला जातो, त्याकडे तुम्ही खुशाल दुर्लक्ष करा. स्लाइडवर लिहिलेले मुद्दे डोक्यात धरून ठेवायचे नसतात, ते समोर दिसत असतात. मिलर यांनीही सातचा आकडा काहीशा विनोदानेच मांडला होता. तुमच्या कामाचा प्रश्न निराळा आहे : एखादी पायरी समजण्यासाठी विद्यार्थ्याला त्या क्षणी किती नव्या, एकमेकांशी गुंतलेल्या गोष्टी एकदम मनात धराव्या लागतात?

येथे "नव्या" या शब्दावर सगळा भार आहे. मर्यादा कार्यकारी स्मृतीला आहे, दीर्घकालीन स्मृतीला अशी मर्यादा दिसून आलेली नाही. दीर्घकालीन स्मृतीत पक्की बसलेली गोष्ट कितीही गुंतागुंतीची असली तरी वापरताना एकच घटक म्हणून वर येते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा १९७३ मधला बुद्धिबळाचा अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. खऱ्या डावातील मांडणी पाच सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू तिचा बराच मोठा भाग अचूक पुन्हा मांडू शकतो. नवशिक्याला मात्र मोजकीच मोहरी आठवतात. तीच मोहरी पटावर कशीही विस्कटून ठेवली की निष्णात खेळाडूचा वरचष्मा जवळजवळ नाहीसा होतो. त्याची स्मृती मोठी नव्हती, त्याला पटावर ओळखीचे आकृतिबंध दिसत होते आणि आपल्याला सुटी मोहरी.

आता तुमच्या फळ्याकडे येऊ. ३(क्ष − ४) = २क्ष + ५ हे समीकरण घ्या. तुम्हांला ते पाहताक्षणी त्याची जात कळते आणि क्ष = १७ हे उत्तर येईपर्यंतचा रस्ता एकाच नजरेत दिसतो. पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलाला काय काय दिसते ते मोजा. कंसाबाहेरचा ३ दोन्ही पदांना लावायचा आहे. चारच्या मागचे वजा चिन्ह गुणाकारातही सोबत राहणार आहे. तीन चोक बारा हे त्याला आठवावे लागणार आहे, कदाचित बोटे मोजून. क्ष असलेली पदे एका बाजूला न्यायची आहेत, पण कोणत्या आणि का? बाजू बदलली की चिन्ह बदलते असे काल सांगितले होते, पण आत्ता कोणते पद बाजू बदलत आहे? या सगळ्याबरोबर तो वहीत उतरवून घेत आहे, तुमचे बोलणे ऐकत आहे, आणि फळा पुसला जाईल ही धास्ती वेगळीच. चारच्या आसपासची मर्यादा येथे केव्हाच ओलांडली गेली, आणि ती ओलांडली गेल्याचे बाहेरून काहीच दिसत नाही.

बाहेरून दिसते ती डोलणारी मान. तुमच्या पत्रातील सर्वांत मोठे गृहीतक येथेच आहे असे मला वाटते. तुमच्याबरोबर सोडवताना मूल प्रत्येक पायरी खरोखरच समजून घेत असते, त्याचे "कळले" खोटे नसते. मात्र पुढची पायरी कोणती हा निर्णय त्या सगळ्या वेळात तुमच्या डोक्यात असतो. एकेका पायरीला "हो, हे बरोबर आहे" म्हणणे आणि कोऱ्या कागदासमोर "आता काय करू?" याचे उत्तर काढणे, ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. पहिले जमले म्हणून दुसरे जमेलच असे मानण्यास आधार नाही.

शिकवणाऱ्याला हे अंतर सहसा जाणवत नाही, यात तुमचा काही खास दोष नाही. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना परिचित गाण्यांची लय बोटांनी टेबलावर वाजवायला सांगितली आणि ऐकणाऱ्यांनी गाणे ओळखायचे होते. वाजवणाऱ्यांना वाटत होते की निम्म्या वेळा तरी गाणे ओळखले जाईल. प्रत्यक्षात १२० पैकी ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात सूर आणि शब्द चालू असतात, ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती टकटक पडते. विषय जितका मुरलेला, तितके हे अंतर दिसणे अवघड. म्हणूनच "मी तर इतके सोपे करून सांगितले" हे वाक्य प्रामाणिक असूनही विश्वासार्ह पुरावा ठरत नाही.

तुम्ही करून पाहिलेल्या उपायांकडे आता त्याच दृष्टीने पाहू. सावकाश सांगणे चांगलेच, पण वेग कमी केल्याने गुंतागुंत कमी होत नाही, उलट पहिली पायरी मनात धरून ठेवण्याचा काळ वाढतो. स्लाइडबद्दल मात्र मी जरा कठोर बोलणार आहे. स्लाइडवरचा मजकूर आपण मोठ्याने वाचून दाखवतो तेव्हा मूल एकाच गोष्टीची दोन रूपे एकमेकांशी ताडून पाहत बसते आणि त्यात त्याची शक्ती खर्च होते. आकृती एका बाजूला आणि तिचे स्पष्टीकरण दुसऱ्या बाजूला असले तर नजर सतत ये-जा करते आणि प्रत्येक फेरीत काहीतरी सांडते. पॉल चँडलर आणि जॉन स्वेलर यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की स्पष्टीकरण आकृतीतच, ज्या भागाबद्दल आहे त्याच्या शेजारी लिहिले तर शिकणे सुधारते. कोनाचे माप कोनातच लिहा, "आकृतीतील कोन अ" असे खाली लिहू नका, इतकी ही साधी सुधारणा आहे. चित्रफितींतील रंजक पण गैरलागू तपशिलांचेही तसेच. वीज कशी चमकते हे समजावणाऱ्या एका पाठात शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ मध्ये असे चटकदार तपशील घालून पाहिले, तेव्हा मुख्य कारणमीमांसा विद्यार्थ्यांच्या लक्षात कमी राहिली. मुले तल्लीन होऊन पाहत होती, हा शिकण्याचा पुरावा होत नाही.

तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्यांचा सल्ला ऐकायला आकर्षक आहे, आणि त्यामागची तळमळ खरी आहे. मुलांनी स्वतः विचार करावा असे कोणाला वाटणार नाही? अडचण क्रमाची आहे. ज्याच्याकडे रीत नाही तो विद्यार्थी उदाहरण सोडवताना उत्तर आणि आपली सध्याची जागा यांतील अंतर कसे कमी होईल ते चाचपडत राहतो. एखादी युक्ती करून पाहतो, ती फसली की मागे येतो, मूळ प्रश्न पुन्हा वाचतो. स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या बोधनिक भाराच्या, म्हणजे शिकताना कार्यकारी स्मृतीवर पडणाऱ्या ओझ्याच्या, सिद्धान्ताचा गाभा हाच आहे की या चाचपडण्यातच कार्यकारी स्मृती भरून जाते आणि उदाहरणाचा आकृतिबंध मनात साठवायला जागाच उरत नाही. कधी कधी उत्तर सापडते, पण ते कसे सापडले हे मुलाला सांगता येत नाही. त्याआधी, १९८५ मध्ये, स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांच्या बीजगणितावरील प्रयोगांत असे दिसले की सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांनी नंतर त्याच धाटणीची उदाहरणे कमी वेळात आणि कमी चुका करत सोडवली.

मात्र येथे एक वळण आहे आणि ते विसरले तर हा सल्ला उलटतो. ज्याला रीत येऊ लागली आहे त्याच्यासाठी पायरीपायरीने सोडवलेले उदाहरण ओझे ठरते, कारण जे ठाऊक आहे तेच त्याला पुन्हा वाचावे लागते. स्लावा काल्यूगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या उलटफेराचे पुरावे एकत्र मांडले. तेव्हा तुमचे दुसरे सहकारी साफ चुकीचे नाहीत. ते शेवटी करायची गोष्ट सुरुवातीला करायला सांगत आहेत.

प्रत्यक्षात हे असे करता येईल. पहिले उदाहरण पूर्ण सोडवलेले द्या आणि मुलांना सोडवायला न सांगता प्रत्येक पायरीपुढे "हे का केले?" एवढेच लिहायला सांगा. दुसऱ्या उदाहरणात शेवटची पायरी कोरी ठेवा. तिसऱ्यात शेवटच्या दोन. असे मागून पुढे रिकामे करत आलात की पहिली पायरी, म्हणजे "सुरुवात कुठून करू?" हा सर्वांत कठीण निर्णय, सर्वांत शेवटी त्यांच्या वाट्याला येतो, आणि तोपर्यंत बाकीच्या पायऱ्या बऱ्यापैकी हाताखालच्या झालेल्या असतात. तुमची मुले पहिल्याच पायरीवर अडतात असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे ही उतरंड तुमच्यासाठी विशेष उपयोगी ठरेल. ज्या मुलांना दुसऱ्याच उदाहरणात रीत सापडते त्यांना पुढच्या पायऱ्यांवर अडवून ठेवू नका, त्यांना कोरे उदाहरण द्या. एकाच वर्गात दोन प्रकारची पाने फिरतील, थोडा गोंधळ होईल, चालेल.

याच्याही आधी एक काम घरी बसून करण्याजोगे आहे. पुढच्या घटकातील एकच उदाहरण घ्या आणि ते समजण्यासाठी आधीपासून पाठ असायलाच हव्यात अशा गोष्टी कागदावर लिहा. कंस सोडवणे, ऋण संख्यांचा गुणाकार, पाढे, जे असेल ते. यांतील जे मुलांचे कच्चे आहे ते नवा घटक सुरू होण्यापूर्वी स्वतंत्रपणे घ्या, कारण दोन कच्च्या गोष्टी एकाच उदाहरणात भेटल्या की तिसरी शिकता येत नाही. पाढ्यांच्या पाठांतराची हल्ली बरीच चेष्टा होते. अर्थ न कळता केलेल्या घोकंपट्टीचे समर्थन कोणीच करणार नाही, पण समजून घेतलेला पाढा तोंडपाठ असणे ही निराळी गोष्ट आहे. सात आठे छप्पन्न विनासायास येते त्या मुलाची सगळी जागा समीकरणासाठी मोकळी असते, आणि ज्याला ते मोजून काढावे लागते तो परत येईपर्यंत समीकरण हरवलेले असते.

वर्गातील काही सवयीही याच हिशेबाने बदलता येतील. ऐकणे आणि उतरवून घेणे एकदम करायला लावू नका. समजावून झाल्यावर "आता लिहून घ्या" म्हणून खरोखर गप्प राहा. शिक्षकांना ही शांतता फार जड जाते, हे मला माहीत आहे. "वही काढा, पान बेचाळीस उघडा, तिसरा प्रश्न पाहा आणि त्यातली फक्त सम क्रमांकाची उदाहरणे करा" अशी चार भागांची सूचना तोंडी न देता फळ्याच्या कोपऱ्यात लिहून तशीच राहू द्या. उदाहरण पूर्ण होईपर्यंत आधीच्या पायऱ्या पुसू नका. कच्चे काम समासात करायला मुलांना मोकळीक द्या, नीटनेटकेपणासाठी ते खोडायला लावू नका. मधली संख्या कागदाने सांभाळलेलीच बरी.

एवढे करूनही दुसऱ्या दिवशी विसरण्याचा प्रश्न पुरता सुटणार नाही, कारण तो अंशतः वेगळाच प्रश्न आहे. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले होते की नव्याने पाठ केलेल्या गोष्टींची सर्वांत मोठी घसरण पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात होते. त्यावर पुन्हा समजावणे हा आपला ठरलेला उपाय आहे आणि तो कमजोर आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे होते. तुमच्या तासाची पहिली पाच मिनिटे यासाठी द्या. वह्या बंद, फळा कोरा, कालचे एक सोपे उदाहरण आणि मागच्या आठवड्यातले एक. गुण देऊ नका. त्या पाच मिनिटांत वर्ग अडखळताना दिसला तरी ते अपयश समजू नका, आठवण्याचा तो प्रयत्नच ज्ञान पक्के करतो.

हे वाचून तुमच्या मनात शंका येईल की एकीकडे मी ओझे कमी करायला सांगते आणि दुसरीकडे मुलांना मुद्दाम कष्ट द्यायला. दोन्हींत फरक आहे. आकृतीवरचे नाव खालच्या ओळीत शोधणे, फळा पुसण्याआधी घाईने उतरवणे, लांबलचक सूचना डोक्यात धरणे, या कष्टांतून गणिताचे काहीच हाती लागत नाही. शिकलेली रीत आठवण्याचे कष्ट मात्र रीत शिकल्यानंतरचे आहेत आणि ते रीतीवरच खर्च होतात. पहिल्या भेटीत ओझे हलके ठेवावे, ओळख झाल्यावर ते हळूहळू मुलांच्या खांद्यावर द्यावे.

स्मरणशक्तीच्या खेळांविषयी थोडक्यात सांगते : त्यांवर पैसा आणि तास खर्च करू नका. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एका विद्यार्थ्याची नोंद प्रसिद्ध केली. सुमारे वीस महिन्यांच्या सरावाने तो ओळीने ऐकलेले ७९ अंक म्हणून दाखवू लागला होता. तो धावपटू होता आणि अंकांचे गट शर्यतीच्या वेळांशी जोडत असे. अंकांऐवजी अक्षरे दिल्यावर तो पुन्हा सहाच्या आसपास आला. म्हणजे त्याने युक्ती कमावली होती, क्षमता वाढलेली नव्हती. मोनिका मेल्बी-लेर्वाग आणि चार्ल्स ह्युम यांनी २०१३ मध्ये अशा प्रशिक्षणांवरील अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सराव केलेल्या कामांत तात्पुरती सुधारणा दिसली, वाचन किंवा अंकगणित सुधारल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

तुमच्या पहिल्या सहकाऱ्यांच्या म्हणण्यातील खरा अंशही नाकारता येत नाही. कार्यकारी स्मृती सर्वांची सारखी नसते, आणि काही मुलांची त्यांच्या वयाच्या मानाने बरीच कमी असते. सुसान गॅदरकोल आणि ट्रेसी ॲलोवे यांनी अशा मुलांची वर्गातली लक्षणे नोंदवली आहेत. सूचनेचा पहिला भाग करून ती थांबतात, फळ्यावरून उतरवताना ओळ चुकतात, बऱ्याच पायऱ्यांचे काम अर्ध्यावर सोडतात, आणि शिक्षकांना ती बेफिकीर वाटतात. अशा मुलासाठी वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट दुपटीने लागू आहे. ते बिचारे लक्ष देत असते, पण ऐकलेले निसटून गेलेले असते. तुम्ही वर्गात बसून कोणाचे निदान करू नये, पण घरी आणि शाळेत, सर्वच विषयांत असे सातत्याने दिसत असेल तर पालकांशी बोलून मूल तज्ज्ञांना दाखवायला हरकत नाही. कुवत बेताची असल्याचे लेबल मात्र कोणत्याही मुलाला लावू नका. त्या लेबलाने घडते एवढेच की मुलाला सोपे काम मिळत राहते, त्याचे दीर्घकालीन ज्ञान वाढत नाही, आणि पुढच्या वर्षी प्रत्येक गोष्ट त्याला सुटी-सुटी धरावी लागते.

भीतीही कार्यकारी स्मृतीतल्या जागेवर हक्क सांगते. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांच्या २००१ मधील अभ्यासात गणिताची धास्ती असलेल्यांची गणित करतानाची कार्यकारी स्मृती कमी पडताना दिसली, विशेषतः हातचे सांभाळावे लागणाऱ्या बेरजांत. "काल तर कळले होते ना?" हा आपला प्रश्न कितीही मायेने विचारला तरी मुलाच्या मनात आता दोन कामे सुरू होतात, उदाहरण आणि अब्रू. तो प्रश्न काही दिवस विचारूच नका. त्याऐवजी "यातली कोणती पायरी आठवते?" असे विचारा. मधली कुठली आठवली तरी तिथून सुरुवात करता येते.

अभ्यासक्रमाचे काय, हे तुम्ही उघडपणे विचारलेले नसले तरी पत्रात ती चिंता दिसते. अवघड भाग वगळण्याची गरज नाही, पण सुरुवातीचे काही आठवडे तुम्ही नियोजनाच्या मागे पडाल. तेव्हा काय पुढे ढकलायचे हे आधीच ठरवून ठेवा, म्हणजे सत्राच्या शेवटी घाईत ठरवावे लागणार नाही. ज्या घटकावर पुढचे तीन घटक उभे आहेत त्याला वेळ द्या, जो एकटाच उभा आहे तो आटोपता घ्या. वरिष्ठांनी विचारले तर पाच मिनिटांच्या चाचण्यांचे कागद दाखवा. झालेल्या पानांच्या संख्येपेक्षा तो पुरावा मजबूत आहे.

या सिद्धान्तालाही मर्यादा आहेत हे सांगायला हवे. बोधनिक भार मोजण्याची सर्वमान्य फूटपट्टी नाही. फ्रेड पास यांनी १९९२ मध्ये वापरलेली, "किती मानसिक कष्ट पडले" हे शिकणाऱ्यालाच एक ते नऊ अशा मापावर विचारण्याची पद्धत आजही प्रचलित आहे आणि तिचा कमकुवतपणा उघड आहे. शिवाय कुतूहल, जिव्हाळा, वर्गातील वातावरण यांविषयी हा सिद्धान्त फारसे बोलत नाही. म्हणून चार या आकड्याला कायदा मानून पाठ कापत बसू नका. आपल्या वर्गाकडे पाहण्याचे साधन म्हणून त्याचा उपयोग करा.

हे पत्र जे पालक वाचत असतील त्यांच्यासाठी दोन शब्द. मूल गृहपाठात अडले की शेजारी बसून सगळे उदाहरण सोडवून देणे आणि "स्वतः विचार कर" म्हणून उठून जाणे, या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे. तसेच सोडवलेले एक उदाहरण शेजारी उघडे ठेवा, पहिली पायरी तुम्ही लिहा आणि पुढची त्याला लिहू द्या. प्रौढ वयात नवे काही शिकणाऱ्यांनी, मग ती भाषा असो, लेखाशास्त्र असो की संगणकाची आज्ञावली, स्वतःवर हेच धोरण लागू करावे. एकाच बैठकीत नवी संकल्पना आणि नवे साधन दोन्ही शिकू नयेत.

तुमच्याकडे परत येते. सगळे एकदम बदलायला जाल तर तुमच्याच कार्यकारी स्मृतीवर भलताच भार पडेल. या आठवड्यात एकच घटक निवडा, मागून रिकामी होत जाणारी तीन उदाहरणे तयार करा आणि रोजची ती पाच मिनिटे सुरू करा. स्लाइड काही दिवस कपाटात राहू द्या. माना मोजणे सोडून, दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पहिली पायरी किती जणांनी बरोबर लिहिली तेवढे मोजा आणि तारखेसह एका वहीत टिपत जा. महिन्याभरात हा आकडा सरकला तर पुढचा घटक याच पद्धतीने घ्या. सरकला नाही तर चुकलेले कागद घेऊन बसा आणि कोणत्या आधीच्या गोष्टीवर सर्वाधिक मुले घसरली आहेत ते शोधा, कारण बहुधा ती गोष्ट तुमच्या यादीत लिहायची राहून गेलेली असेल.